सोलापूरच्या गड्ड्याला या, पण पाहुणे म्हणून या

माझी आतेबहीण नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला असते. तिथून रेल्वेनं तासाभरावर बँश नावाचं गाव आहे, वस्ती साधारण ३३ हजारांची. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे ख्रिस्ती उपास सुरू होण्याआधी या गावात कार्निव्हल असतो आणि युनेस्कोनं २००३ साली तो जगाचा अमूर्त वारसा म्हणून जाहीर केला. शेवटच्या मंगळवारी गावातले पुरुष ‘जिल’ होतात. अंगात पेंढा ठासून भरलेला पोशाख, कमरेला घंटांचा पट्टा, पायात लाकडी बूट, सकाळी तोंडावर मेणाचा मुखवटा आणि दुपारी डोक्यावर शहामृगाच्या पिसांचा उंच टोप. पहाटे ढोल वाजायला लागतो आणि एकेकाला त्याच्या घरून घेत घेत घोळका वाढत जातो. दुपारच्या मिरवणुकीत हे जिल गर्दीकडे संत्री फेकतात. घरांच्या काचा फुटू नयेत म्हणून खिडक्यांना आधीच जाळ्या लावलेल्या असतात.

बहीण दोन वर्षांपूर्वी तिथं गेली होती. एक संत्रं नेमकं तिच्या ओंजळीत आलं. खेळ समजून ती ते परत भिरकावणार, तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं तिचं मनगट घट्ट धरलं. मग हातवारे करत आणि मोडक्या इंग्रजीत तिनं सांगितलं, हे संत्रं म्हणजे भेट आहे, ते घरी न्यायचं. परत फेकलंस तर देणाऱ्याचा अपमान होतो.

तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हापासून ते मनगट माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या सोलापुरात दर जानेवारीला सिद्धेश्वराची यात्रा भरते. आम्ही तिला गड्डा म्हणतो. लाखो माणसं येतात. त्यात दरवर्षी असेही असतात ज्यांचा सोलापूरशी काही संबंध नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून पुण्या-मुंबईहून बॅग घेऊन आलेले. त्यांचं मनगट धरून त्यांना चार गोष्टी सांगणारं आमच्याकडे कोण आहे?

पुण्यातल्या लोकांच्या बोलण्यात सोलापूर म्हणजे लहान गाव. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकसंख्या भरली तरी ती समजूत काही जात नाही. त्याचा मला राग नाही. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग कमी झाले, शिकलेली पोरं पुण्याला गेली. घरात दोनच म्हातारी माणसं उरलीत असे किती वाडे आमच्या कसब्यात मी दाखवू शकते. म्हणूनच यात्रेला बाहेरची माणसं आली पाहिजेत हे माझं ठाम मत आहे. वाद आहे तो कशासाठी यावं आणि आल्यावर आम्ही त्यांना काय द्यावं याचा. दर वर्षी कुणीतरी सुचवतं, यात्रेचा ‘महोत्सव’ करा, स्टेज उभारा, तिकिटाची गॅलरी करा, ड्रोन उडवा, म्हणजे पर्यटक येतील. ऐकायला बरं वाटतं. मला हा रस्ता चुकीचा वाटतो, आणि का वाटतो ते सांगायचं तर आधी यात्रा काय आहे ते सांगावं लागेल.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथं होऊन गेले. तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत. बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त संत, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या नाममुद्रेनं कन्नडमध्ये वचनं लिहिणारे. त्यांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापली आणि माणसं हाताशी धरून तळं खोदलं. आज त्याच तळ्याच्या पाण्यात देऊळ आहे. एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा ‘माझ्या योगदंडाशी लग्न कर’ असं त्यांनी सांगितलं, अशी कथा आहे. त्या लग्नाचाच हा सोहळा, गेली कित्येक शतकं दर संक्रांतीला नव्यानं लागणारा.

नंदीध्वज सात. पहिला देवस्थानचा, दुसरा कसब्यातल्या देशमुखांचा, मग लिंगायत माळी, विश्वब्राह्मण सोनार, आणि सहावा-सातवा मातंग समाजाचा. नंदीध्वज म्हणजे दोन मजल्यांच्या वर जाणारा, सजवलेला उंच बांबू. त्याचं बूड कमरेच्या पट्ट्यात रोवून एकटा माणूस तो उभा पेलतो आणि चालतो. भोगीच्या दिवशी हे सातही नंदीध्वज यात्रेचे मुख्य मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यापासून निघतात आणि ६८ लिंगांना तैलाभिषेक करत गावाला फेरी घालतात. या विधीचं नावच यण्णीमज्जन, म्हणजे कन्नडमध्ये तेलाचं स्नान. ‘हिरे’ म्हणजे मोठा आणि ‘हब्ब’ म्हणजे सण. मराठी बोलणाऱ्या आमच्या तोंडात हे शब्द इतके मुरलेत की ते दुसऱ्या भाषेतले आहेत हे मुद्दाम आठवावं लागतं. संक्रांतीला दुपारी सम्मती कट्ट्यापाशी सुगडीपूजन होतं, कन्नडमध्ये लग्नाची सम्मती वाचली जाते, आणि ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ म्हणताच लाखभर हातांतून अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी होम. त्या रात्री पहिल्या नंदीध्वजाला नागाच्या फण्यासारखी नागफणी बांधलेली असते, तो आणखी जड. मग वासराची भाकणूक. वासरू काय खातं, कशाला तोंड लावत नाही, बिथरतं की शांत राहतं, यावरून पाऊसपाण्याचा अंदाज बांधतात. पुढच्या रात्री शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी, नंदीध्वजांची वस्त्रं उतरवण्याचा विधी. होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुआँ, भांड्यांची न् खेळण्यांची दुकानं पुढेही बरेच दिवस चालू असतात.

माझा पुतण्या नंदीध्वज पेलतो. यात्रेच्या कितीतरी आधीपासून रात्री गल्लीत सराव सुरू होतो. वीस-बावीस वर्षांची पोरं, अंगात साधे टी-शर्ट, आणि मध्ये पूर्वी नंदीध्वज पेलणारे कुणीतरी काका. काका फार बोलत नाहीत. पोराचा गुडघा जरा आत वळला की नुसता हात लावून तो सरळ करतात. नजर वर, शेंड्याकडे ठेवायची. पायाखालचं बघायचं नाही, पायाखालचं शेजारी चालणारे सांगतात. डावीकडे खड्डा आहे, पुढं वायर आहे, थांब, आता चल. यात्रेच्या दिवशी पांढरी बाराबंदी घालून अनवाणी हाच पोरगा माझ्यासमोरून जातो तेव्हा त्याच्या मानेची शीर ताणलेली दिसते, ओठ आवळलेले असतात, आणि तो मला ओळखतसुद्धा नाही. रात्री घरी आल्यावर त्याची आई कोमट तेलानं त्याची कंबर चोळते. पट्टा जिथं बसतो तिथं हाताएवढा लाल वळ उठलेला असतो.

आता सांगा, ही गोष्ट गॅलरीत बसून कशी दिसेल? वरून एक सजवलेली काठी हलताना दिसेल. बाजूनं चालणाऱ्याला मात्र ‘खड्डा आहे’ हे ऐकू येतं, आणि ऐकू आलं की तोही नकळत खड्ड्यासमोरची माणसं बाजूला करायला लागतो. गर्दीतून ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ उठलं की गळ्यातून आपोआप ‘हर्र’ निघतं. यात्रेचा जीव या चालण्यात आहे. खुर्ची टाकून दाखवायला गेलो तर हातात येणारा कार्यक्रम दुसराच कुठला तरी असेल.

ही यात्रा कुणाला दाखवायची म्हणून होत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. कोविडच्या काळात २०२१ मध्ये गड्डा भरला नाही. पाळणे नाहीत, दुकानं नाहीत, रस्ते रिकामे. तरी मोजक्या मानकऱ्यांच्या हातून विधी झाले आणि अक्षता पडल्या. आम्ही घराच्या गच्चीवरून हात जोडले. बघायला कुणी नसलं तरी जी गोष्ट होतेच, ती बघणाऱ्याच्या सोयीनं बदलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मुद्दाम पाहुण्यांसाठी सुरू केलेले सोहळेही असतात आणि त्यात वाईट काही नाही. नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव राज्य सरकारनं २००० साली सुरू केला. सगळ्या जमातींची नृत्यं, घरं, जेवण एका जागी बघता यावं हाच त्याचा हेतू, आणि तो उघड आहे. पण आधीपासून असलेल्या सोहळ्याला बघ्यांच्या मापाचं करायला गेलं की काय होतं, ते इटलीतल्या व्हेनिसकडे पाहून कळतं. तिथला जुना कार्निव्हल व्हेनिसचं स्वतंत्र प्रजासत्ताक बुडाल्यावर मागे पडला आणि १९७९ साली पुन्हा सुरू झाला. मुखवट्यांचे फोटो जगभर गेले, माणसं लोटली. २०२२ पर्यंत जुन्या शहरात राहणारे पन्नास हजारांच्या खाली आले, आणि एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात झाली. एकट्या कार्निव्हलमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. पण स्वतःच्या गावात शिरायला तिकीट लावायची वेळ एखाद्या शहरावर येते, तेव्हा तिथल्या घरांमधली माणसं कुठं गेली हा प्रश्न पडतोच. बँशनं उलट केलं. गावचा रहिवासी असल्याशिवाय जिल होता येत नाही, आणि जिलचा पोशाख घालून कुणी गावाबाहेर जात नाही. ज्याला बघायचंय त्यानं बँशला यावं.

आमच्यातही एक मत आहे, ‘बाहेरचे कशाला हवेत? त्यांना काय कळतंय?’ हे मला अजिबात पटत नाही. ज्यांची ही यात्रा, ते सिद्धराम स्वतः मल्लिकार्जुनाच्या ओढीनं चालत श्रीशैलला गेले होते. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी एकाच चहाच्या टपरीवर चालतात, आणि ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेला तेलुगू विणकरांच्या पद्मशाली समाजाची मार्कंडेय रथयात्रा निघते तेव्हा सगळं गाव रस्त्यावर असतं. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला असते. त्या दिवशी कुठली अव्वा कुठल्या वारकऱ्याला जेवू घालते आहे याची जात-भाषा कुणी विचारत नाही. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. यात्रेच्या आदल्या दिवशी, १२ जानेवारीला, आमचे चार हुतात्मे स्मरणात येतात. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. चार आडनावांकडे नुसतं बघितलं तरी कळेल या गावात कोण कोण राहतं. एक दिवस हे स्मरण आणि दुसऱ्या दिवशी यण्णीमज्जन. पुण्याहून येणारी गाडी हुतात्मा एक्स्प्रेस आणि मुंबईहून रात्रभर येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस. गाडीत बसतानाच पाहुण्याला अर्धं सोलापूर भेटतं, फक्त ती नावं का आहेत हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

गेल्या जानेवारीत बहीण तिच्या ऑफिसातल्या एका बेल्जियन मैत्रिणीला घेऊन आली. आमचं घर लहान, म्हणून त्यांनी स्टेशनजवळ एका लॉजची खोली फोनवर ठरवली होती. रात्री पोचल्यावर भाडं दुप्पट सांगितलं गेलं आणि पावतीही दिली नाही. दोघी अकराच्या सुमारास बॅगा घेऊन आमच्या दारात आल्या. खोल्या अपुऱ्या असतात हे समजतं, पण ठरलेला भाव मोडायचा ही आमच्या गावाची रीत नाही, आणि तसं झालं तर गप्प बसू नये. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी नंदीध्वजांमागून चालायला लागलो. दोन तास मजेत गेले. मग त्या मुलीनं मला हळूच विचारलं, इथं बायकांसाठी स्वच्छतागृह कुठं आहे? नंदीध्वजांच्या वाटेवर एकही चालू असलेलं आम्हाला सापडलं नाही. शेवटी ओळखीच्या एका अक्कांच्या घराची कडी वाजवली. बायकांनी यात्रेला चालत यावं असं म्हणायचं आणि पाणी प्यायचं टाळत दिवस काढावा लागेल अशी व्यवस्था ठेवायची, हे किती वर्षं चालायचं?

अक्षतेच्या दिवशी तर मला रडू आलं. माझी सासू ऐंशीच्या पुढची. सकाळी नऊपासून ती एका कडेला स्टूल टाकून बसली होती. बारानंतर पास असलेली मंडळी आली. त्यांना वाट करून द्यायला आधी आलेल्यांना मागं ढकललं. तिचं स्टूल गेलं, आणि समोर पाठी उभ्या राहिल्या. ‘सत्यम सत्यम’ ऐकू आल्यावर तिनं अक्षता टाकल्या, त्या पुढच्याच्या शर्टावर पडल्या. मैत्रिणीला गोरी म्हणून पुढं बसायला बोलावलं होतं, ती गेली नाही. ती सासूबाईंच्या शेजारी उभी राहिली आणि गर्दीचा धक्का लागू नये म्हणून हातानं कडं करून होती. कसं वागायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला तो सोहळा लग्नाचा आहे एवढं माहीत होतं, आणि लग्नात म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात हे सगळीकडेच कळतं.

मोबाइलचं एकच बोलते. मागं चालत व्हिडिओ घ्यायला माझी ना नाही. पण पेलणाऱ्याच्या समोर उलटं चालत रील काढणारे दरवर्षी वाढताहेत. त्याची नजर शेंड्याकडे असते, समोर कोण अडखळलंय हे त्याला दिसत नाही. नंदीध्वज कलला तर खाली माणसं आहेत, लहान लेकरं आहेत. पुतण्या सांगतो, त्याच्या शेजारी चालणाऱ्या दोघांचा अर्धा जीव आता फोनवाल्यांना हटवण्यात जातो. यात बाहेरचे कमी, आमचीच पोरं जास्त.

म्हणून माझं म्हणणं असं की यात्रेसाठी जो पैसा आणि जी बुद्धी खर्च करायची आहे ती स्टेजवर नको. सोलापूर २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, होम मैदानही नव्यानं बांधून झालं. आता ६८ लिंगांची वाट धरावी. त्या सगळ्या वाटेवर दर काही अंतरानं बायकांसाठी चालू, पाणी असलेली स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि सावली. प्रत्येक लिंगापाशी मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत चार ओळींची पाटी. अक्षतेला पासाची जागा बंद करावी, आणि पुढची जागा म्हाताऱ्यांना आणि अपंगांना द्यावी. खोल्यांचे भाव स्टेशनवर आणि बसस्टँडवर लिहून लावावेत, तक्रारीचा फोन नंबर सोबत. यातलं काहीच अवघड नाही, आणि यातल्या एकाही गोष्टीनं विधीला हात लागत नाही.

राहण्याचं उत्तर आमच्या कसब्यात आहे. पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात इथले जुने वाडे का येऊ नयेत? त्या वाड्यांत राहणारी दोन म्हातारी माणसं पाहुण्याला भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची मिसळीची भाजी आणि शेंगांची चटणी वाढतील, संक्रांतीला शेंगापोळी देतील. पैसा त्यांच्या हातात पडेल. आणि पाहुण्याचं मनगट धरून सांगायला कुणीतरी असेल, की बाई, आता चपला काढ, आता बाजूला हो, आता या अक्षता घे आणि ‘सत्यम’ म्हटलं की टाक. चादरीची दुकानं, खानावळी, रिक्षावाले यांनाही त्यातून मिळेलच. मिळायलाच हवं, उपाशी पोटानं कुणाला सण सुचत नाही.

आता येणाऱ्यांसाठी. वंदे भारत आहे, हुतात्मा आहे, आणि जून २०२५ पासून आमच्या विमानतळावरून गोव्याला विमानही जातं. गोव्याचा कार्निव्हल बघायला इथून माणसं जातात, तिकडच्यांनी आता इकडे यावं. फक्त एका संध्याकाळी दारूकाम बघून परतू नका. बारा तारखेला या, हुतात्म्यांना नमस्कार करा, आणि भोगीच्या सकाळी लवकर बाळीवेशीत या. चपला आमच्या जोत्यावर ठेवा, घरात कुणी ना कुणी असतंच. चालता चालता शेजारच्यानं ‘डावीकडे खड्डा’ म्हटलं, की तुम्हीही मागच्याला सांगा.